एमआरआयचं मशीन एवढं ठोकतं कशासाठी?

"एमआरआय वारंवार काढू नये, किरणं शरीरात साठतात." हा सल्ला नातेवाइकांकडून हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. क्ष-किरण असतात सीटी स्कॅनमध्ये. एमआरआयमध्ये फक्त चुंबक आणि रेडिओलहरी. धास्ती घ्यायचीच तर खिशातल्या किल्ल्यांची घ्यावी.

बऱ्याच ठिकाणी हे चुंबक १.५ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) असतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण ३०,००० पट. त्याची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडवलेली असतात, त्यामुळे तारेला रोध उरत नाही आणि वीज फिरतच राहते. स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच! २०१८ साली मुंबईत रुग्णाचा एक नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला आणि जिवाला मुकला. म्हणून तर मंगळसूत्र, जोडवी, बेल्ट, मोबाईल सगळं बाहेर काढून ठेवायला लावतात. तंत्रज्ञ पेसमेकरबद्दल विचारतो, शिवाय "डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का?" असंही विचारतो. लेथवर काम केलेल्यांनी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.

आता आवाज. आपल्या शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनची केंद्रकं, म्हणजे प्रोटॉन असतात. चुंबकीय क्षेत्रात त्यांचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, १.५ टेस्लाला सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा. नेमक्या त्याच वारंवारतेची रेडिओलहर सोडली की ते कलतात, आणि मग स्वतःच क्षीण संदेश देऊ लागतात. पण सगळे एकाच सुरात बोलले तर कुठला संदेश गुडघ्याच्या वाटीतला आणि कुठला नडगीतला, हे कळणार कसं? युक्ती अशी की, जास्तीच्या वेटोळ्यांनी चुंबकीय क्षेत्र एका टोकाला किंचित वाढवायचं, दुसऱ्या टोकाला किंचित कमी करायचं. क्षेत्र बदललं की डुलण्याची वारंवारता बदलते, म्हणजे वारंवारता हाच पत्ता झाला. अशा उतारांच्या आधारे प्रतिमा उभी करण्याच्या कामासाठी पॉल लाउटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३चं नोबेल मिळालं.

या जास्तीच्या वेटोळ्यांतली वीज सेकंदात कितीतरी वेळा चालू-बंद होते, उलटसुलट होते. दहावीतला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आठवा: चुंबकीय क्षेत्रातल्या विद्युतवाहक तारेवर बल लागतं. इथे क्षेत्रही प्रचंड आणि धाराही शेकडो अँपिअर, त्यामुळे वेटोळी थरथरतात. ती ठकठक, तो भोंगा, ते घरघरणं सगळं तिथूनच येतं. प्रत्येक चित्रमालिकेत वीज बदलण्याचा ताल वेगळा, म्हणून आवाजही मध्येच पालटतो. मशीन बिघडलेलं नसतं.

जाता जाता, रक्तातलं लोह खेचून रक्ताभिसरण सुधारणारी चुंबकी कडी आणि गाद्या विकणाऱ्यांना एक प्रश्न. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं ओढलं जात असतं, तर एमआरआयमधून एकही माणूस जिवंत बाहेर आला असता का?

स्कॅनला साधारण २० ते ४५ मिनिटं लागतात. कानात बोळे किंवा हेडफोन देतात, ते नको म्हणू नका. आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. हातात रबरी फुगा असतो, घुसमटल्यासारखं झालं तर तो दाबायचा. बंद जागेची भीती असेल तर आत जाण्याआधीच सांगा. हललात तर चित्र पुसट येतं आणि तीच मालिका पुन्हा करावी लागते. चित्र ठळक यावं म्हणून गॅडोलिनियम या धातूचं इंजेक्शन द्यायचं असेल तर आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं नीट काम करतात का हे सांगणारा रक्ताचा रिपोर्ट मागू शकतात, कारण गॅडोलिनियम लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर तो अपॉइंटमेंट घेतानाच कळवावा.