पुष्पविकास आणि सपुष्प वनस्पतींचं वर्गीकरण

फुलाचे अवयव कोवळ्या कळीत कुठे, कशातून आणि कोणत्या क्रमाने तयार होतात त्याला पुष्पविकास म्हणतात. या क्रमावरून वनस्पतींची नाती लावायचा प्रयत्न दीडशेहून जास्त वर्षं चाललाय, कारण उमललेलं फूल बऱ्याचदा फसवतं, दोन फुलांत सारखा दिसणारा भाग सुरुवातीला अगदी वेगळ्या वाटेने आलेला असू शकतो.

फुलाचे भाग म्हणजे बदललेली पानं हा विचार जर्मन लेखक गटे यांनी १७९० मध्ये मांडला, पण कळ्या उघडून क्रमवार नोंदी करायची सुरुवात सहसा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पायेर यांच्या १८५७ च्या ग्रंथापासून धरतात. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हाताशी आला तो १९७० च्या आसपास आणि मग या विषयाला पुन्हा जोर चढला.

सगळ्यात गाजलेला वाद केसरांचा, म्हणजे परागकण देणाऱ्या नर अवयवांचा. भरपूर केसर असलेल्या फुलांत ते दोन प्रकारे वाढतात, गुलाब किंवा जांभळात बाहेरून आत, तर करमळात आतून बाहेर. वनस्पतिशास्त्रज्ञ कॉर्नर यांनी १९४६ मध्ये या दुसऱ्या प्रकाराकडे लक्ष वेधलं, पुढे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ क्रॉन्क्विस्ट यांनी आपल्या वर्गीकरण पद्धतीत करमळ, जास्वंद वगैरे कुलांचा एक मोठा उपवर्ग केला आणि त्यामागे केसरांचा हा क्रम एक महत्त्वाचा आधार होता. डीएनएचे पुरावे आल्यावर (एपीजी ही डीएनएवर आधारलेली वर्गीकरण पद्धत, १९९८ पासून) हा उपवर्ग अक्षरशः विखुरला. आता सर्वसाधारण मत असं की कळीतल्या थोड्या मूळ उंचवट्यांचे पुढे अनेक केसर होतात आणि ते कुठल्या दिशेने फुटायचे हे मोकळ्या जागेवरही ठरतं, त्यामुळे आतून बाहेरचा क्रम अनेकदा स्वतंत्रपणे आला असावा. तरी लक्षण अगदीच टाकाऊ नाही, पिओनी ही वनस्पती मोरवेलीच्या कुलातून वेगळी काढताना तेच कामी आलं आणि तो निर्णय डीएनएनंतरही टिकला.

जुळलेल्या पाकळ्यांचं उलट झालं, तिथे विकासाचा क्रम डीएनएशी जुळला. वनस्पतिशास्त्रज्ञ एर्बार यांनी १९९१ मध्ये दाखवलं की काही वनस्पतींत आधी एक अखंड कडं येतं आणि त्यावर पाकळ्या उगवतात, काहींत पाकळ्या सुट्या येऊन मागाहून जुळतात. पहिला प्रकार मुख्यतः सूर्यफुलाच्या आणि त्याच्या जवळच्या गणांत, दुसरा वांगी, तुळस यांच्या बाजूला. अपवाद आहेत, पण डीएनएने केलेली विभागणी साधारण हीच आली. गाजर-कोथिंबिरीच्या गणात पाकळ्या सुट्या दिसतात तरी त्यातल्या काही वनस्पतींत सुरुवातीला कडं सापडतं, ही त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट.

ट्रायथुरिया ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) इथे सोडून चालणार नाही. पाण्याच्या काठाची इवलीशी वनस्पती, गवतासारखी दिसते म्हणून ती बराच काळ एकदलिकितांत (बीत एकच दल असलेल्या वनस्पतींत), गवताच्या नातेवाइकांजवळ ठेवली होती, २००७ मध्ये ती कमळिणींच्या गणात म्हणजे सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षाच्या अगदी बुडाशी गेली. या प्रजातीच्या बाकी जाती ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या, भारतातली एकच, ट्रायथुरिया कोंकणेन्सिस, तिचं वर्णन यादव आणि जनार्थनम यांनी १९९४ मध्ये कोकणातून केलं. यातल्या काही जातींत केसर मधोमध आणि किंजदलं (बीजं धरणारे स्त्री अवयव) भोवती, म्हणजे फूल उलटं. आता हे एक फूल आहे की आकसलेला फुलोरा यावर एकमत नाही, फूल आणि फुलोरा हा भेदच इथे नीट लागू होत नाही असंही एक मत आहे आणि सध्याच्या पुराव्यांवर ते जास्त सावध वाटतं. मेक्सिकोतल्या लॅकँडोनिया या वनस्पतीतही केसर मध्ये असतात (वर्णन १९८९), पण ती खरीखुरी एकदलिकित, त्यामुळे ही उलथापालथ किमान दोनदा झाली असं धरावं लागतं.

आदिम फुलाचा, म्हणजे सगळ्या सपुष्प वनस्पतींच्या समान पूर्वजाचं फूल कसं होतं याचा, प्रश्नही इथेच येऊन अडतो. २०१७ मध्ये सोके आणि सहकाऱ्यांनी ७९२ जातींच्या माहितीवरून त्याचं चित्र मांडलं: द्विलिंगी, परिदलं (पाकळ्यांसारखे बाहेरचे भाग) आणि केसर तिनातिनाच्या मंडलांत म्हणजे वर्तुळांत, किंजदलं मात्र सर्पिल म्हणजे मळसूत्रासारखी. २०१८ मध्ये सोकोलॉफ, रुडाल वगैरेंनी आक्षेप घेतला की असा मेळ आजच्या फुलांत जवळपास दिसत नाही, कारण किंजदलं कुठे यायची हे आधी आलेल्या अवयवांच्या जागांवर ठरतं, तेव्हा मूळ फूल आतपर्यंत मंडलांचंच असावं. नुसत्या आकडेमोडीपेक्षा हा आक्षेप वजनदार आहे.

जनुकांची बाजू एबीसी मॉडेलपासून (१९९१) सुरू होते, त्यात ए, बी आणि सी हे तीन जनुकगट मिळून कोणत्या जागी कोणता अवयव यायचा ते ठरवतात. ते अ‍ॅराबिडोप्सिस आणि स्नॅपड्रॅगन या दोन वनस्पतींवर उभं राहिलं. कमळिणी आणि अँबोरेला या वंशवृक्षाच्या बुडाशी असलेल्या वनस्पतींत याच जनुकांच्या सीमा पुसट आहेत, तिथे परिदलांपासून केसरांपर्यंतचा बदल हळूहळू होतो. लॅकँडोनियात तर केसरांना लागणारं बी गटाचं जनुक मधोमध चालू असलेलं सापडलंय.