पोलादी पट्टीपासून कार्बनच्या पट्टीपर्यंत: तुळया बळकट करण्याच्या तंत्राची पार्श्वभूमी

आरसीसी तुळईवर भार आला की तिचा तळ ताणला जातो, आणि काँक्रीटला ताण सोसत नसल्यामुळे तिथे सळया घातलेल्या असतात. इमारतीचा वापर बदलला, पुलावरून अधिक जड वाहने जाऊ लागली किंवा गंजाने सळया झिजल्या, तर तेवढ्या सळया पुरत नाहीत; नव्या सळया आत घालण्याची सोय मात्र तेव्हा उरलेली नसते. मग ताण घेणारी एखादी वस्तू तळाला बाहेरून चिकटवावी, हा विचार इपॉक्सी गोंद बाजारात आल्यावर प्रत्यक्षात आणता येऊ लागला. 1960 च्या दशकात फ्रान्स आणि दक्षिण आफ्रिका या देशांत पोलादी पट्ट्या चिकटवून तुळया बळकट करण्यात आल्या.

ही पद्धत चालली, पण तिचे दोष हळूहळू दिसू लागले. पोलादी पट्टी जड असते. गोंद घट्ट होईपर्यंत ती वर उचलून दाबून धरण्यासाठी परांची बांधावी लागते. फार लांब पट्टी हाताळता येत नाही, म्हणून मध्ये सांधे येतात. सर्वांत वाईट म्हणजे गोंद आणि पोलाद यांच्यामधल्या, बाहेरून न दिसणाऱ्या पृष्ठावर गंज चढतो.

या दोषांवर उपाय शोधण्याचे श्रेय मुख्यतः स्वित्झर्लंडमधील ड्यूबेनडॉर्फ येथील एम्पा या सरकारी पदार्थ-संशोधन संस्थेला आणि तेथील अभियंते उर्स मायर यांना जाते. कार्बन फायबर, म्हणजे कार्बनचे बारीक तंतू, तोवर विमाने आणि क्रीडासाहित्यात रुळला होता. इपॉक्सीत बसवलेल्या या तंतूंची पट्टी गंजत नाही, तिची घनता पोलादाच्या सुमारे एक-पंचमांश असते आणि ती गुंडाळी करून नेता येते. बांधकामासारख्या, पैशापैशाचा हिशेब होणाऱ्या क्षेत्रात इतका महाग पदार्थ वापरण्याची कल्पना 1980 च्या दशकाच्या मध्यावर अनेकांना अव्यवहार्य वाटली असेल, तर त्यात नवल नाही.

या शंकेचे उत्तर स्वित्झर्लंडमधल्याच ल्युसर्नजवळच्या इबाख पुलाने दिले. हा 1969 मध्ये बांधलेला, 228 मीटर लांबीचा, पेटीसारख्या पोकळ तुळईचा (पेटी-गर्डरचा) पूल आहे. तेथे वाहतूक सिग्नल बसवण्यासाठी छिद्रे पाडताना काँक्रीट दाबून धरण्यासाठी आधीच ताणून बसवलेल्या (पूर्वप्रतिबलित) केबलच्या काही तारा चुकून कापल्या गेल्या आणि दुरुस्ती होईपर्यंत अतिजड वाहनांना पुलावर परवानगी देता येईना. खालून जाणारा महामार्ग फक्त रात्री बंद ठेवणे शक्य होते. 1991 मध्ये परांची न बांधता, वर उचलणाऱ्या यंत्राच्या पाळण्यातून, कार्बनच्या तीन पट्ट्या तळाला चिकटवण्यात आल्या. ज्या कामाला 175 किलो पोलाद लागले असते, ते 6.2 किलो पट्ट्यांत झाले. किलोमागे कार्बन पोलादाच्या सुमारे पन्नासपट महाग होता, तरी परांची, मजुरी आणि वाहतूक बंद ठेवण्याचा खर्च वाचल्यामुळे हिशेब जुळला. दुरुस्तीनंतर 84 टनांचे वाहन नेऊन पुलाची चाचणी घेण्यात आली.

जपानमध्ये हे तंत्र वेगळ्या गरजेतून वाढले. तेथे कडक पट्टीऐवजी कार्बनचे कापड इपॉक्सीत भिजवून खांबांभोवती गुंडाळण्यावर भर होता, आणि 17 जानेवारी 1995 च्या कोबे भूकंपानंतर अशा कामांचे प्रमाण झपाट्याने वाढले.

या सगळ्यात एक गोष्ट वारंवार समोर आली, आणि माझ्या मते या तंत्राच्या इतिहासाचा गाभा तीच आहे: पट्टी तुटण्याआधी बहुधा सुटते. पट्टीची ताणशक्ती सुमारे 2,800 मेगापास्कल, नेहमीच्या सळईच्या पाच-सहा पट असते. पण ती ताकद तुळईपर्यंत पोहोचते ती काँक्रीटच्या काही मिलिमीटर जाडीच्या बाह्य थरातून, आणि तो थरच आधी उखडतो. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात 1989 मध्ये पूर्ण झालेल्या कायझर यांच्या प्रबंधातच तिरक्या भेगेच्या दोन्ही बाजू वरखाली सरकल्याने पट्टी सोलली जाते, हे नोंदवलेले आहे. पुढे पट्टीच्या टोकांना इंग्रजी यू आकाराचे कापडी वेढे देणे, काँक्रीटमध्ये खाच पाडून पट्टी आत बसवणे असे उपाय आले. खाचेची कल्पना मुळात जुनी आहे. स्वीडनमध्ये 1940 च्या दशकातच पुलाच्या स्लॅबमध्ये खाचा पाडून पोलादी सळया बसवल्या गेल्या होत्या. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत आणखी एक दक्षता लागते: आतली सळई गंजत असेल तर तो गंज आणि सुटे काँक्रीट आधी काढावे लागते, कारण पट्टी गंज थांबवत नाही आणि सळईवरचा फुगलेला काँक्रीटचा थर पट्टीसकट खाली येऊ शकते.

नियम प्रत्यक्ष कामांच्या मागून आले. काँक्रीट बांधकामातील तज्ज्ञांच्या फिब या आंतरराष्ट्रीय संस्थेची पुस्तिका 2001 मध्ये, तर अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची 440.2आर ही मार्गदर्शिका 2002 मध्ये निघाली. अमेरिकन मार्गदर्शिका पट्टीची संपूर्ण ताकद हिशेबात धरू देत नाही. ती सुटण्याआधी जेवढी ताणली जाईल तेवढीच धरायची असते. दुसरी मर्यादा आगीची आहे. नेहमीचा इपॉक्सी साधारण 60 ते 80 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो, म्हणजे आगीत पट्टी लवकरच निकामी होते. शिवाय कोणत्याही कारणाने पट्टी निकामी झाली असे समजून, मूळ तुळईने स्थिर भाराच्या (बांधकामाच्या स्वतःच्या वजनाच्या) 1.1 पट आणि नव्या चल भाराच्या (माणसे, वाहने, सामान यांच्या) 0.75 पट मिळून होणारा भार एकटीने पेलला पाहिजे, अशी अट तिच्या 2008 च्या आवृत्तीत आहे. ती पुरी होत नसेल तर पट्टीचा विचार सोडून तुळईला काँक्रीटचे जॅकेटिंग (बाहेरून नवे आवरण) किंवा पोलादी आधार द्यावा लागतो.