पडदा टिकतो, मेंदू आधी म्हातारा होतो

टीव्हीचा रिमोट हातात घ्या आणि शोधपेटीत रोमन अक्षरांत ‘दशावतार’ लिहून बघा. एका ओळीत सहा अक्षरं असलेला साधा कळफलक धरला आणि ‘ए’पासून सुरुवात केली, तर बाणाची बटणं ४१ वेळा आणि ओके १० वेळा, म्हणजे एकूण ५१ वेळा बटण दाबावं लागतं. फोनवर हेच काम दहा टिचक्यांत होतं. टीव्हीवर माहितीचं जाळं आणायचा खटाटोप पन्नास वर्षं चालू आहे, आणि त्यातले कितीतरी प्रयोग अशाच साध्या अडचणींनी बुडाले आहेत.

सुरुवात बीबीसीच्या सीफॅक्सने केली, १९७४ साली. त्या काळच्या नळीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा किरण चित्र रंगवत खाली पोचला, की पुन्हा वर जायला त्याला थोडा वेळ लागे. तेवढ्या वेळात प्रक्षेपणातल्या काही ओळी रिकाम्या जात. त्या रिकाम्या ओळींतून अक्षरं पाठवायची ही कल्पना. पडद्यावर ४० अक्षरांच्या २४ ओळी मावत. बातम्या, हवामान, क्रिकेटचा धावफलक असं सगळं त्यात असे. आपल्याकडे दूरदर्शननेही १९८५ साली इन्टेक्स्ट नावाने अशी सेवा सुरू केली होती. मात्र ही वाट एकेरी होती. पानाचा क्रमांक दाबायचा आणि ते पान फिरत फिरत पुन्हा येईपर्यंत थांबायचं. प्रश्न विचारायची सोयच नव्हती.

खरं इंटरनेट टीव्हीवर आणलं वेबटीव्हीने, १९९६ साली अमेरिकेत. स्टीव्ह पर्लमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी काढलेल्या या कंपनीचे डबे सोनी आणि फिलिप्स बनवत. किंमत साडेतीनशे डॉलरच्या आत, महिन्याची वर्गणी सुमारे २० डॉलर. आत फोनच्या तारेवरून सेकंदाला ३३.६ किलोबिट आणणारा मोडेम आणि अवघी २ मेगाबाइट रॅम. संगणक तेव्हा हजार-दोन हजार डॉलरचा होता, टीव्ही मात्र घरोघरी होता, त्यामुळे हिशोब बिनतोड वाटला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ही कंपनी सुमारे ४२.५ कोटी डॉलरला घेतली.

पण टीव्हीचा पडदा वाचण्यासाठी बनलेलाच नव्हता. हा मुद्दा जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे. जुना टीव्ही अख्खं चित्र एका दमात दाखवत नसे. आधी विषम ओळी रंगवायच्या, मग सम. आपल्याकडच्या ‘पाल’ नावाच्या प्रक्षेपण पद्धतीत ६२५ ओळींचं पूर्ण चित्र सेकंदाला २५ वेळा तयार होई, तेही प्रत्येक वेळी अर्धं अर्धं करून. नटाचा चेहरा किंवा समुद्र दाखवताना हे खपून जातं, कारण शेजारशेजारच्या ओळी जवळपास सारख्याच असतात. पण वेबपानावर अक्षराची आडवी रेघ एकाच ओळीची जाडी असलेली असू शकते. ती फक्त विषम फेरीत उमटते, सम फेरीत गायब होते आणि डोळ्यांसमोर थरथरत राहते. वेबटीव्हीने त्यावर तोडगा म्हणून रेघा शेजारच्या ओळींत पसरवून पुसट केल्या. थरथर कमी झाली, पण अक्षर धूसर झालं. त्यात टीव्ही चित्राच्या कडा थोड्या पडद्याबाहेर ढकलत असे, म्हणून कडेला मजकूर ठेवताच येत नसे. शेवटी वापरायला उरत ५६० गुणिले ४२० ठिपके, म्हणजे सुमारे २.३५ लाख. आजच्या फोर-के पडद्यावर ८३ लाख ठिपके असतात.

दुसरी अडचण अंतराची. फोन आपण साधारण ३० सेंटिमीटरवर धरतो आणि टीव्ही ३ मीटरवरून बघतो. अंतर दहापट झालं, की तेवढंच सुखाने वाचायला अक्षरही दहापट मोठं लागतं. फोनवरचं दीड मिलिमीटरचं अक्षर टीव्हीवर दीड सेंटिमीटरचं करावं लागेल. २१ इंची नळीच्या टीव्हीची उंची जेमतेम ३० सेंटिमीटर. ओळींमधली जागा सोडली, तर त्यावर दहा-बारा ओळी मावतील. एवढ्याशा जागेत वर्तमानपत्र कसं वाचणार?

आणि तिसरी अडचण घरातली. टीव्ही सगळ्यांचा असतो, पत्र एकट्याचं असतं. सासू मालिका बघत असताना त्याच पडद्यावर सून आपली ईमेल उघडून बसेल, हे कुठल्या घरात शक्य होतं? यंत्र बनवणाऱ्यांनी पडद्याचा आकार मोजला. त्याच्यासमोर कोण बसतं, याचा विचार फार कमी झाला.

तोवर वेबही झपाट्याने बदलत गेलं. पानं जड झाली, नवी तंत्रं आली आणि २ मेगाबाइटचा डबा मागे पडला. २००१ साली नाव एमएसएन टीव्ही झालं आणि सप्टेंबर २०१३ अखेर सेवा बंद झाली. मधेच, २०१० साली, गूगल टीव्हीने कळफलक आणि ब्राउझर घेऊन पुन्हा तीच वाट धरली. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी आपले व्हिडिओ त्यावर दिसू दिले नाहीत आणि लोकांनीही पाठ फिरवली.

जमलं ते टीव्हीकडून वाचनाची अपेक्षा सोडल्यावर. २०१३ साली आलेल्या ३५ डॉलरच्या क्रोमकास्ट या टीव्हीला जोडायच्या कांडीला रिमोटसुद्धा नव्हता. शोधायचं फोनवर, बघायचं टीव्हीवर. अनेकांना वाटतं की व्हिडिओ फोनमधून टीव्हीत जातो, पण तसं नाही. फोन फक्त पत्ता सांगतो आणि व्हिडिओ ती कांडी स्वतःच इंटरनेटवरून आणते. म्हणून मधेच फोन आला तरी चित्र थांबत नाही. २०१६ नंतर आपल्याकडे डेटा स्वस्त झाला, मग घरांत फायबर आलं. पेडण्यातला दशावतारी काला किंवा वास्कोचा भजनी सप्ताह आता आखातातला किंवा बोटीवरचा गोवेकरही बघू शकतो आणि घरातली म्हातारी माणसं तोच मोठ्या पडद्यावर बघतात. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्यांना जिना उतरवत नाही, त्यांच्यापर्यंत देवळाचं अंगण पोचतं.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे इथे तंत्रज्ञानाची परीक्षा जून ते सप्टेंबर. जोराची सर आली की डीटीएचचं चित्र जातं, कारण त्याच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि पावसाचे थेंब त्या शोषतात, विखुरतात. फायबरच्या काचेतून जाणाऱ्या प्रकाशाला पावसाशी देणंघेणं नसतं. तो तुटतो ते झाड खांबावर कोसळल्यावर. आणि वेग नुसता कमी झाला तर चित्र थांबत नाही, धूसर होतं. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा निरनिराळ्या दर्जांत साठवलेला असतो. पुढचा तुकडा मागताना टीव्ही आधीचा किती वेळात आला ते बघतो आणि झेपेल तोच दर्जा मागतो. पण जिथे रेंजच नाही, तिथे ही हुशारी काय कामाची? लॉकडाऊनमध्ये सत्तरी-सांग्यातली मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढत होती, हे आपण विसरता कामा नये.

इंटरनेटवरच्या टीव्हीची एक मूलभूत मर्यादा आहे. प्रक्षेपणाच्या मनोऱ्याला दहा प्रेक्षक काय आणि दहा लाख काय, खर्च तोच. इंटरनेटवर मात्र प्रत्येकाला वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक बघत होते. प्रत्येकाला सेकंदाला फक्त २ मेगाबिट धरले, तरी ते सेकंदाला ११८ टेराबिट होतात. म्हणून प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये इथेच, पणजीच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात, वेव्हज हे ओटीटी सुरू केलं असलं, तरी दुसरीकडे इंटरनेटशिवाय थेट मोबाइलवर प्रक्षेपण पोचवण्याच्या चाचण्याही चालू आहेत. माझ्या मते सामने, निवडणुकीचे निकाल आणि चक्रीवादळाचे इशारे यांसाठी प्रक्षेपणच योग्य. इंटरनेटवर हवं तेव्हा हवं ते बघावं.

मला खरी काळजी वाटते ती टीव्हीच्या आतल्या मेंदूची. चांगला एलईडी पडदा दहा वर्षं चालतो, पण त्यातली चिप आणि सॉफ्टवेअर चार-पाच वर्षांत थकतात. २०१५ साली यूट्यूबने आपली जुनी यंत्रणा बंद केली आणि २०१२ वा त्याआधीच्या अनेक टीव्हींवरचं ॲप बंद पडलं. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने सॅमसंगच्या २०१०-११ च्या काही टीव्हींची साथ सोडली. पडदे धडधाकट होते. शिवाय सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेला टीव्ही घरच्या वायफायला जोडलेलाच राहतो, तो धोका वेगळाच.

आणि हा मेंदू आपल्याकडे बघतोही. अनेक स्मार्ट टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे नमुने घेऊन, तुम्ही काय बघता ते कंपनीला कळवतात. विचारल्याशिवाय हे केलं म्हणून अमेरिकेत व्हिझिओ कंपनीला २०१७ साली २२ लाख डॉलर भरावे लागले. १.१ कोटी टीव्हींचा तो प्रश्न होता. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, पण ती मेनूत इतकी खोल असते की सापडायला चिकाटी लागते. ग्राहकाने आपण होऊन चालू करेपर्यंत ती बंदच असायला हवी.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंवर सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील, हे सांगणं सक्तीचं आहे. आपल्याकडे फ्रिजवर विजेचे तारे छापतात, तशी ही तारीख टीव्हीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायला काय हरकत आहे? तोवर शहाणपणाचा सौदा असा: पैसे पडद्याला मोजा, मेंदू बाहेर ठेवा. जुन्या टीव्हीतलं ॲप बंद पडलं म्हणून नवा टीव्ही आणू नका. बाहेरचं यंत्र जोडायचं एचडीएमआयचं तोंड असेल तर तीन-चार हजारांची कांडी त्याला आणखी काही वर्षं चालवते. नवा घेताना एचडीएमआयची निदान तीन तोंडं आहेत का आणि लॅनची तार जोडता येते का ते बघा. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींतून वायफाय क्षीण होऊन जातं, तारेला भिंतीचा अडथळा नाही. आणि राउटरला छोटी बॅटरी लावा, म्हणजे वीज गेल्यावर टीव्ही बंद पडला तरी फोनवर पावसाचा इशारा वाचता येईल.