गॅस लीक वेगळा आणि कार्बन मोनॉक्साइड वेगळा

गणपतीत चाकरमानी गावी आले की घर भरलेलं, एकामागोमाग एक आंघोळी, पाऊस म्हणून बाथरूमची खिडकी बंद आणि आत गॅस गिझर चालूच. अशात कोणाला चक्कर आली की आधी सिलिंडर हुंगून बघतात, वास नाही म्हटल्यावर "गॅस नाय तो, प्रवासाचा शीण असेल" म्हणून विषय संपतो. घात इथेच होतो.

वास येतो तो लीक झालेल्या, न जळलेल्या एलपीजीला, तोही मुद्दाम मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन घालतात म्हणून. हा हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साचतो आणि भीती भडक्याची. कार्बन मोनॉक्साइड मात्र जळताना तयार होतो, हवा कमी पडून जळण अर्धवट जळलं की. ना रंग, ना वास, खोलीभर मिसळतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे पाइप, रेग्युलेटर सगळं ठणठणीत असूनही माणूस बाथरूममध्ये कोसळू शकतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे फसतो, आकडा नॉर्मलच दाखवतो. एलपीजीचा अलार्मही कार्बन मोनॉक्साइड पकडत नाही, त्यासाठी डिटेक्टर वेगळा घ्यावा लागतो.

आणि हा फक्त गिझरचा प्रश्न नाही. नारळाच्या सोडणं-करवंट्यांची (काथ्याची सालं आणि कवट्या) चूल पूर्वी कौलांच्या फटींतून श्वास घ्यायची, आता वर स्लॅब आणि स्लायडिंग खिडक्या. धूर नसलेले लाल निखारेही हा गॅस सोडतात, त्यामुळे बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी ठेवूच नका, प्लीज. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कितीतरी गावं बरेच दिवस अंधारात होती, अशा वेळी जनरेटर पडवीत नको, घरापासून लांब, खिडक्यांपासून तर लांबच ठेवा.

गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवणं हा खरा उपाय. तोवर बादल्या भरा, गिझर बंद करा, खिडकी उघडा, मग आंघोळीला जा. ज्योत पिवळी दिसली तर सर्व्हिसिंग करून घ्या, पण निळी आहे म्हणून खिडकी लावू नका.

एलपीजीचा वास आला तर कुठलंच बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद, दारं उघडी आणि बाहेर जाऊन १९०६ या गॅस हेल्पलाइनला फोन. वास नाही पण घरात दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर खळ्यात (अंगणात) आल्यावर बरं वाटतंय, तर सगळ्यांना बाहेरच ठेवा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना गिझर किंवा शेगडी चालू होती हे आपणहून सांगा, म्हणजे ते रक्ताची योग्य तपासणी करतील.