चुकून जमलेली चव: स्पेशालिटी कॉफीची पार्श्वभूमी

स्पेशालिटी कॉफीच्या, म्हणजे खास चवीसाठी निवडलेल्या कॉफीच्या, पाकिटावर साधारण तीन गोष्टी छापलेल्या असतात: बी कुठली, ती वाळवली कशी आणि चव कशाकशासारखी लागेल. वाचणाऱ्याला वाटतं, जशी जमीन तशी चव, इतका हा सरळ हिशोब आहे. मागे जाऊन पाहिलं तर तो तितका सरळ नाही. आज ज्या चवींचं कौतुक होतं, त्यांतल्या बऱ्याचशा कुणी ठरवून घडवलेल्या नाहीत. कुठे पाणी नव्हतं, कुठे पाऊस उसंत देत नव्हता, कुठे रोगाने मळे आडवे केले होते. त्यातून वाट काढताना जे हाती लागलं त्याचं कौतुक पुढे झालं, आणि ‘स्पेशालिटी’ हे नाव तर त्याहून पुढे पडलं.

अरेबिका या कॉफीच्या जातीचं झाड मुळात इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडल्या डोंगराळ जंगलातलं. कॅनेफोरा, म्हणजे जिला आपण रोबस्टा म्हणतो ती, आणि युजेनिऑइड्स या दोन जातींचा निसर्गातच संकर होऊन ते तयार झालं. म्हणून या दोन्ही जातींत २२ गुणसूत्रं, तर अरेबिकात ४४. शिवाय अरेबिका स्वतःच्याच परागाने फळते. एक रोप उचलून दुसऱ्या खंडात नेलं तरी त्याच्या बियांपासून मळा उभा राहतो, ही तिची सोय. आणि त्या अख्ख्या मळ्यात एकाच रोपाचं रक्त असतं, हा त्याच सोयीचा शाप.

शेळ्या लाल फळं खाऊन उड्या मारू लागल्या आणि कॉफी सापडली, ही शेळ्या राखणाऱ्या काल्दीची गोष्ट जिथे तिथे सांगितली जाते. पण कागदावर ती सतराव्या शतकात, तीही युरोपात उमटलेली दिसते. भक्कम धागा सापडतो तो येमेनमध्ये. पंधराव्या शतकात तिथले सूफी रात्रीच्या जपासाठी जागं राहायला कॉफी पीत. डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत लागवड होई आणि मोखा बंदरातून माल बाहेर जाई. ‘मोका’ म्हणजे चॉकलेट घातलेली कॉफी, हा अर्थ फार नंतरचा. आधी ते एका बंदराचं नाव होतं. म्हणजे कॉफीच्या जगातलं पहिलं ‘ओरिजिन’, म्हणजे मूळ ठिकाण, हे बी जिथे पिकली ते गाव नव्हेच, जिथे ती जहाजात चढली ते होतं.

येमेनमधून बी बाहेर कशी पडली याच्या कथा अनेक आहेत. बाबा बुडन यांनी सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, ही सतराव्या शतकातली म्हणून सांगितली जाणारी आख्यायिका त्यांतलीच एक. त्याच शतकाच्या अखेरीस डच मलबारहून रोपं जावाला घेऊन गेले. जावाचं एक रोप १७०६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात पोचलं, त्याच्या वंशातलं एक १७१४ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट गेलं, आणि तिथून पुढे १७२० च्या सुमारास गॅब्रिएल द क्लिउ या अधिकाऱ्याने एक रोप मार्टिनिक बेटावर नेलं. वाटेत पिण्याचं पाणी संपत आलं तेव्हा आपल्या वाट्याचं पाणी त्याने रोपाला घातलं, असं सांगतात. सांगणारा तो स्वतःच, हे लक्षात ठेवलेलं बरं. या वाटेने पसरलेला वंश म्हणजे ‘टिपिका’. फ्रेंचांनी येमेनमधून थेट बुर्बों बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियनवर, नेलेली रोपं हा दुसरा वंश, ‘बुर्बों’. पुढची दीडदोनशे वर्षं जगातल्या मळ्यांचा मोठा भाग या दोन घराण्यांवर चालला.

एवढ्या अरुंद पायावरची इमारत किती टिकणार? १८६९ मध्ये सिलोनच्या मळ्यांत पानांखाली नारिंगी भुकटी दिसू लागली. हेमिलिया व्हॅस्टॅट्रिक्स ही बुरशी, म्हणजेच तांबेरा. वीसेक वर्षांत सिलोनची कॉफी संपली आणि त्या उतारांवर चहा आला. जावातही सखल भागातली अरेबिका गेली आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर तिच्या जागी रोबस्टा आली. पुढे तिमोर बेटावर अरेबिका आणि रोबस्टा यांचा आपोआप झालेला, तांबेऱ्याला दाद न देणारा संकर सापडला. कॅटिमोरसारखे कितीतरी वाण त्याच्यापासून निघाले आणि चवीत हलके म्हणून त्यांनी बराच काळ बोलणीही खाल्ली.

ही झाली झाडाची बाजू. चवीच्या बाबतीत मला जास्त रस आहे तो फळ तोडल्यानंतरच्या काही दिवसांत, कारण खरी उलथापालथ तिथे होते.

कॉफीचं फळ म्हणजे लाल साल, आत थोडा गर, मग बीला बिलगलेला चिकट थर, त्याखाली पार्चमेंट नावाचं टणक कवच आणि त्यात समोरासमोर बसलेल्या दोन बिया. त्यातली बी कोरडी करून बाहेर काढायची, इतकंच काम. येमेनमध्ये पाणी दुर्मीळ, म्हणून अख्खं फळ गच्चीवर वाळत घालायचं आणि खडखडीत झालं की भरडायचं. आज याला ‘नॅचरल’ म्हणतात. तेव्हा त्याला नाव नव्हतं, कारण दुसरा मार्गच नव्हता.

दुसरा मार्ग निघाला कॅरिबियन बेटांवर. तिथली हवा दमट, फळ वाळायच्या आधी बुरसायचं. मग साल यंत्राने काढून बिया हौदात आंबत ठेवायच्या आणि चिकट थर सुटला की धुऊन काढायच्या, अशी रीत पडली. मळेवाले तिला ‘वेस्ट इंडियन पद्धत’ म्हणत. हौदातले सूक्ष्मजीव तो थर मोडतात. हवा किती गार आहे त्यावर बारा तास लागतात की दीड-दोन दिवस, हे ठरतं. कधी थांबायचं हे आजही कितीतरी ठिकाणी हातालाच विचारतात. हौदात हात घालून मूठभर बिया चोळायच्या. बोटांतून सुळकन निसटल्या तर वेळ आहे. ओल्या वाळूतल्या खड्यांसारख्या करकरल्या की पाणी सोडायचं. काही जण बियांच्या राशीत काठी रोवतात. काठी उपसल्यावर भोक तसंच राहिलं तर काम झालं, बुजलं तर अजून थांबा. मग लांब पन्हाळीतून पाणी वाहतं, पोकळ बिया तरंगून पुढे जातात, भरीव बुडून मागे राहतात. केनियात धुतल्यावर पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजत ठेवण्याचीही रीत आहे.

धुतलेल्या बीची चव स्वच्छ, उजळ, फळांच्या आंबटपणाकडे झुकणारी. वाळताना बिघडण्याचा धोकाही कमी, म्हणून व्यापाऱ्यांना ती भरवशाची वाटली. विसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेने भावांसाठी चार गट पाडले: कोलंबियन माइल्ड्स, इतर माइल्ड्स, ब्राझीलियन नॅचरल्स आणि रोबस्टा. ‘माइल्ड’ म्हणजे बहुतेक धुतलेली आणि भावाने वरची. कोरडी वाळवलेली ती खालची. ब्राझीलमध्ये हंगामात हवा कोरडी, मळे अफाट, त्यामुळे फांदी ओरपून कच्चं-पिकं एकत्र वाळत टाकलं जाई. अशा मालाने नॅचरलचं नाव खराब केलं. दोष पद्धतीचा कमी आणि तोडणीचा जास्त होता. पिकलेलीच फळं वेचून उंच जाळीच्या खाटांवर तीन-चार आठवडे हलवत वाळवली, तर त्याच पद्धतीतून इथिओपियाच्या हरारसारखी ब्लूबेरी, वाइन आणि सुक्या फळांची चव निघते. या शतकाच्या सुरुवातीला अशा कॉफ्या टेबलावर येऊ लागल्या तेव्हा खरेदीदारांत चांगलीच जुंपली होती. एका बाजूला ती मेजवानी होती, दुसऱ्या बाजूला सडका माल. गंमत अशी की इथिओपियातल्या ज्या यिर्गाचेफेची जाईची फुलं, लिंबू आणि बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं एक सुवासिक फळ) ही ओळख आज अगदी अस्सल मानली जाते, तिथे धुण्याची केंद्रं आली ती १९७० च्या दशकात.

सुमात्राची गोष्ट याहून सांगण्यासारखी. तिथे पाऊस सरत नाही आणि शेतकऱ्याला पैशांसाठी थांबता येत नाही. बी पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे ओलावा १०-१२ टक्क्यांवर येईपर्यंत, कवचात ठेवणं ही बाकी जगाची रीत. सुमात्रात ती अर्धीमुर्धी ओली असतानाच विकली जाते आणि ओलीच भरडून उघडी वाळवली जाते. या पद्धतीला ‘गिलिंग बासा’ म्हणतात. बी हिरवट-निळसर दिसते, आंबटपणा मावळतो आणि मातकट, वनौषधींसारखी जाड चव उरते. त्याला लोक ‘सुमात्राच्या मातीची चव’ म्हणतात. मातीचा त्यात वाटा असेलही. पण घाईचा आणि पावसाचा नक्की आहे.

‘मॉन्सून्ड मलबार’ तर उघडउघड अपघात. शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला पोचायला महिनोन्महिने लागत. लाकडी तळघरातल्या दमट हवेत बी फुगायची, फिकट व्हायची, तिचा आंबटपणा जायचा. १८६९ मध्ये, म्हणजे सिलोनमध्ये तांबेरा दिसला त्याच वर्षी, सुएझ कालवा उघडला. प्रवास आखडला, बी ताजी पोचू लागली आणि युरोपातल्या ग्राहकांना ती जुनी चव आठवू लागली. अखेर पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळ्याचे तीन-चार महिने बिया पसरून, उलथून, मोसमी वाऱ्याला मुद्दाम देण्याची पद्धत बसली. खराब झालेल्या मालाची नक्कल करणं हा धंदा झाला!

‘हनी’ प्रक्रियेत मध नसतो. साल काढायची पण चिकट थर कमीजास्त ठेवून वाळवायचं. ब्राझीलमध्ये ‘पल्प्ड नॅचरल’ म्हणून ही रीत रुजली, कोस्टा रिकाने पाणी वाचवता वाचवता तिला पांढरी, पिवळी, लाल, काळी अशा छटा दिल्या.

सगळेच दोष पुढे गुण ठरले असं मात्र नाही. रुआंडा आणि बुरुंडीच्या काही कपांत कच्च्या बटाट्याचा भपकारा येतो. अँटेस्टिया किडीच्या उपद्रवाशी जोडलेला, पायराझीन गटातल्या एका संयुगाचा हा वास. एखादीच अशी बी अख्खा कप वाया घालवते आणि दळेपर्यंत कळत नाही. त्याचं कौतुक अजून कुणी केलेलं नाही.

आता चाखण्याकडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बीचा आकार, रंग आणि वास पाहून सौदे होत. कप चाखून खरेदी करण्याचा रिवाज सॅन फ्रान्सिस्कोच्या दलालांनी पक्का केला. पुढे त्याची नियमबद्ध रीत ठरली: १५० मिलीला ८.२५ ग्रॅम पूड, पाणी ९३ अंश सेल्सियसच्या आसपास, एका नमुन्याचे पाच कप. वर पुडीची साय धरते. चारेक मिनिटांनी चमच्याच्या पाठीने ती फोडायची आणि नाक अगदी कपात घालायचं, कारण तो वाफेचा पहिला झोत पुन्हा मिळत नाही. मग चमचा ओठांशी नेऊन सुर्र करून जोरात ओढायचा. शिष्टाचार बाजूला. या टेबलावर ‘आंबट’ ही तक्रार नसते; लिंबासारखं, सफरचंदासारखं की व्हिनेगरसारखं, एवढाच प्रश्न असतो, आणि व्हिनेगर म्हटलं की चेहरे पडतात.

‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्द एर्ना क्नुट्सन यांचा. त्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका कॉफी आयातदाराकडे सचिव म्हणून काम करत. कपिंगच्या, म्हणजे कप चाखण्याच्या, खोलीत बाई नको, असा तिथल्या पुरुषांचा हट्ट. तरी त्या चाखायला शिकल्या, आणि मोठ्या कंपन्यांना नको असलेले छोटे, वेगळ्या चवीचे लॉट छोट्या भाजणाऱ्यांना विकू लागल्या. १९७४ मध्ये एका व्यापारी मासिकाशी बोलताना त्यांनी हा शब्द वापरला. १९७८ मध्ये फ्रान्समधल्या एका परिषदेत त्यांनी तो उलगडला: विशिष्ट जागेच्या विशिष्ट हवामानात विशिष्ट चवीची बी तयार होते. १९८२ मध्ये अमेरिकेत या मंडळींची संघटना झाली. १०० पैकी ८० आणि वर गुण मिळवणारी ती स्पेशालिटी, ही फूटपट्टी तिच्याच परंपरेतली.

बाजार मात्र वेगळ्याच तालावर चालला होता. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय करारात देशांना निर्यातीचा कोटा ठरवून दिलेला असे. भाव टिके, पण चांगल्या बीला वेगळं बक्षीस नव्हतं. १९८९ मध्ये ही व्यवस्था कोसळली आणि भावही. अनेक शेतकरी देशोधडीला लागले. १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये ‘कप ऑफ एक्सलन्स’ ही स्पर्धा-लिलावाची पद्धत सुरू झाली ती या पडझडीनंतर. आता एका शेतकऱ्याचा एक लॉट नावानिशी विकला जाऊ लागला.

त्याचा सगळ्यात गाजलेला परिणाम दिसला पनामात. गेशा हा वाण १९३० च्या दशकात इथिओपियातून गोळा केलेला. टांझानिया, मग कोस्टा रिकातली संशोधन संस्था असं करत १९६० च्या दशकात पनामाला आला, तो तांबेऱ्याला तोंड देतो म्हणून. फांद्या ठिसूळ, उत्पन्न बेताचं, म्हणून बाजूला पडला. बोकेतेच्या ‘हसिएंदा ला एस्मेराल्दा’ मळ्यावर पीटरसन कुटुंबाने उंचावरच्या झाडांचा माल वेगळा करून २००४ मध्ये स्पर्धेला पाठवला आणि परीक्षकांना कपात जाई, बर्गमॉट, पीच सापडले. जपानी गेइशांशी या नावाचा संबंध नाही. इथिओपियातल्या गेशा भागावरून ते आलं आणि स्पेलिंगने घोळ घातला. चवीच्या बाबतीत केनियाच्या एसएल-२८ या वाणाचंही असंच. स्कॉट लॅबोरेटरीजने तो निवडला दुष्काळात तग धरतो म्हणून. ब्लॅककरंट या फळासारखी रसरशीत चव फुकटात पदरी पडली.

एवढ्या चवींना शब्द पुरवायला १९९५ मध्ये ‘फ्लेवर व्हील’, म्हणजे चवींच्या नावांचं चक्र, आलं. २०१६ मध्ये ते नव्याने केलं तेव्हा त्यामागे चवी-वासांच्या ११० गुणधर्मांचा एक कोश होता. प्रत्येक वासासाठी एक नमुना पदार्थ नेमलेला आणि तीव्रता ० ते १५ अशी मापायची.

एकदा चवीला बक्षीस मिळू लागल्यावर अपघाताची वाट कोण पाहणार? २०१५ च्या जागतिक बरिस्ता (कॉफी बनवून देणाऱ्यांच्या) स्पर्धेत साशा शेस्टिच यांनी कार्बन डायऑक्साइड भरलेल्या बंद टाकीत आंबवलेली कोलंबियाची कॉफी दिली आणि जिंकले. ही युक्ती वाइनवाल्यांची. त्यानंतर बंद पिंप, निवडक यीस्ट, बियांबरोबर फळंही आंबवणं, असं सगळं सुरू झालं. ज्या ‘फर्मेंट’ वासासाठी पूर्वी लॉट परत जायचा, त्यासाठी आता रांग लागते. दालचिनीचा वास बीत तयार झाला की वरून घातला, यावर वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला पाकिटावर खरं लिहिलं असेल तर दोन्ही चालतात.

जुन्या गुणपत्रिकेत ‘क्लीन कप’, म्हणजे चवीत खोट नसणं, हा एक स्वतंत्र रकाना होता. धुतलेल्या कॉफीच्या जगात घडलेल्या लोकांनी तो आखलेला, आणि ते जाणवायचं. २०२३ मध्ये स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने नवी मूल्यमापन पद्धत मांडली. तिच्यात कपात काय आहे ते एका कागदावर लिहायचं आणि ते किती आवडलं ते दुसऱ्यावर. ‘आंबलेलं’ आणि ‘मातकट’ हे शब्द पहिल्या कागदावर आहेत.