क्षेत्रभेटीतील जीपीएस नकाशांकन

शालेय क्षेत्रभेटीत पाहिलेल्या जागांचे अक्षांश-रेखांश जीपीएस यंत्रावर किंवा मोबाइलवर नोंदवून त्यांवरून विद्यार्थ्यांनी स्वतः नकाशा तयार करणे, म्हणजे जीपीएस नकाशांकन होय. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता दहावीच्या भूगोलात ‘क्षेत्रभेट’ हा पहिलाच पाठ असून त्यात नळदुर्ग ते अलिबाग असा प्रवास आहे. पठारावरून घाट उतरून कोकणात नेणारा असा मार्ग या कामाला विशेष अनुकूल असतो, कारण खडक, माती, पिके आणि घरांची छपरे बदलत जातात आणि बदल नेमका कोठे झाला हे त्याच जागी टिपता येते.

सुमारे 20,200 किमी उंचीवरील किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की यंत्राला आपले स्थान काढता येते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. पार्श्वभूमीचा नकाशा मात्र आधी उतरवून घ्यावा लागतो. अमेरिकेने नागरी संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेली चूक 2 मे 2000 रोजी काढून टाकली आणि त्यानंतरच साधी यंत्रे अशा कामाला खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागली.

मोबाइलवरील स्थान मोकळ्या जागी साधारणतः 5 ते 10 मीटरपर्यंत चुकू शकते. अरुंद दरीत, दाट झाडीखाली किंवा उंच कड्याशेजारी ही चूक वाढते. 1:50,000 प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर 1 मिमी म्हणजे 50 मीटर, त्यामुळे तेथे 10 मीटरची चूक डोळ्यांना जाणवतही नाही. परंतु 6 मीटर रुंदीच्या ओढ्याचे दोन्ही काठ मोबाइलवर नोंदवून त्याची रुंदी काढू गेल्यास उत्तर निरर्थक येते. तेथे टेपच हवी. कोणत्या मोजमापाला कोणते साधन पुरेसे, हा विवेक विद्यार्थ्यांना येथे प्रत्यक्ष शिकता येतो, आणि या पद्धतीचे शैक्षणिक मोल मुख्यतः त्यातच आहे.

उंचीच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. जीपीएसची मूळ उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, म्हणजे तिच्या आकाराशी जुळणाऱ्या काल्पनिक गुळगुळीत पृष्ठभागापासून, मोजलेली असते, तर नकाशावरील उंची सरासरी समुद्रसपाटीपासूनची असते. कोकण किनाऱ्यावर समुद्रसपाटी लंबगोलाच्या 60 मीटरहून अधिक खाली असल्याने, दुरुस्ती न करणारे अॅप पुळणीवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यालाही उणे आकडा दाखवते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट या नावाच्या वेगळ्या, जुन्या लंबगोलावर आधारलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-84 ही संदर्भप्रणाली वापरते. रूपांतर न करता बिंदू जुन्या नकाशावर मांडले, तर ते मूळ जागेवरून सरकलेले दिसतात.

यंत्र केवळ जागा सांगते. तेथील मातीचा रंग, विहिरीतील पाण्याची पातळी किंवा शेतकऱ्याने सांगितलेली पीकबदलाची कारणे नोंदवहीतच उतरवावी लागतात, आणि यंत्रातील बिंदूचा क्रमांक नोंदीशेजारी त्याच वेळी लिहावा लागतो. संध्याकाळी आठवून लिहिलेले क्रमांक बहुधा जुळत नाहीत.