चाक तुटलेलं नाही, मुद्दाम कापलंय

मागच्या रविवारी पुण्यात जुन्या बाजारात माझ्या शेजारच्या माणसाने एक खिशातलं घड्याळ उचललं, मागचं झाकण उघडलं आणि लगेच खाली ठेवलं, म्हणे आतलं चाक दोन ठिकाणी तुटलंय. विकणाऱ्यालाही ते पटलं. मी उचलून भिंगातून बघितलं तर चाक अगदी ठणठणीत होतं, ते कापलेलंच असतं, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी विचार करून दिलेली चीर आहे ती. घड्याळ मी घेतलं, आणि त्या चिरेबद्दल लिहायचं तेव्हाच ठरवलं.

भिंतीवरच्या घड्याळात लंबक असतो पण खिशात लंबक चालणार कसा, घड्याळ उभं-आडवं कसंही होणार. म्हणून तिथे बॅलन्स व्हील, म्हणजे मागे-पुढे डोलणारं चाक, आणि त्याला केसासारखी बारीक गुंडाळलेली हेअरस्प्रिंग. ही स्प्रिंग ह्युजेन्सने १६७५ साली घड्याळात बसवून घेतली. चाक एका बाजूला फिरलं की स्प्रिंग त्याला परत ओढते, की ते दुसऱ्या बाजूला जातं. पुष्कळ जुन्या खिशातल्या घड्याळांत हे तासाला १८,००० वेळा होतं, म्हणजे सेकंदाला पाच ठोके, दिवसाला ४,३२,०००. एका ठोक्याला किती वेळ लागणार ते दोनच गोष्टींवर ठरतं, चाकाचं वजन किती नि आसापासून किती लांब आहे आणि स्प्रिंग किती कडक आहे.

आता उन्हाळ्यात काय होतं? उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे शाळेत शिकलेलो असतो, त्यामुळे बहुतेक जण सांगतात की चाक मोठं होतं म्हणून घड्याळ मागे पडतं. खरं आहे, पण तो अगदी छोटा भाग. फर्डिनांड बर्थू या घड्याळकाराने अठराव्या शतकात याचा हिशेब मांडला होता. तापमान ० वरून साधारण ३३ डिग्रीवर गेलं की घड्याळ दिवसाला ३९३ सेकंद मागे पडतं, त्यातले ६२ सेकंद चाक मोठं झाल्यामुळे, १९ स्प्रिंग लांब झाल्यामुळे आणि तब्बल ३१२ स्प्रिंग मऊ पडल्यामुळे! म्हणजे खरा चोर स्प्रिंगचं पोलाद आहे, गरम झालं की त्याचा ताठरपणा कमी होतो. डिग्रीमागे दिवसाला ११-१२ सेकंद. पुण्यात डिसेंबरची पहाट १० डिग्री आणि एप्रिलची दुपार ४० धरली तर साडेपाच मिनिटांच्या वर फरक.

पोलाद मऊ होणं तर तेव्हा कोणाला थांबवता येत नव्हतं. मग उलटा विचार केला, स्प्रिंग मऊ पडते ना, मग चाकच गरम झाल्यावर लहान व्हायला हवं. फिरत्या खुर्चीवर हात पसरून गिरकी घ्या आणि हात छातीशी घ्या, वेग वाढतो, तेच तत्त्व. पण गरम झाल्यावर आक्रसणारं चाक आणायचं कुठून? इंग्लंडमध्ये जॉन आर्नोल्ड आणि थॉमस अर्नशॉ यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी ते साधलं. चाकाची कड दोन धातूंची, आतून पोलाद आणि बाहेरून पितळ, अर्नशॉ तर पितळ वितळवूनच पोलादावर बसवायचा. पितळ जास्त प्रसरण पावतं, पोलाद कमी, दोघं एकमेकांना घट्ट चिकटलेले, त्यामुळे पट्टी आतल्या बाजूला वाकते. घरातल्या इस्त्रीत आपोआप बंद-चालू करणारी पट्टी असते ती याच जातीची. पण कड जर अखंड गोल असेल तर वाकणार कुठे? म्हणून दोन ठिकाणी चीर. प्रत्येक अर्ध्या कडेचं एक टोक मधल्या दांडीला पक्कं, दुसरं मोकळं, आणि ऊन तापलं की मोकळी टोकं आत झुकतात.

कडेवर जे बारीक स्क्रू दिसतात ते नुसती नक्षी नाही. मोकळ्या टोकाजवळचा स्क्रू सगळ्यात जास्त आत सरकतो, दांडीजवळचा जवळजवळ हलत नाही. म्हणून कारागीर घड्याळ थंडीत चालवून बघणार, उष्णतेत चालवून बघणार, आणि उष्णतेत मागे पडत असेल तर स्क्रूची एक जोडी चिरेकडच्या भोकांत नेणार, पुढे पळत असेल तर उलट. एकेका घड्याळाला कित्येक दिवस लागायचे.

तरी एक खोच राहिलीच. स्प्रिंगचा ताठरपणा तापमानाबरोबर जवळजवळ सरळ रेषेत कमी होतो, पण चाकाचा जडपणा अंतराच्या वर्गावर चालतो, म्हणून दोन्ही रेषा फक्त दोन ठिकाणी जुळतात, समजा ५ आणि ३५ डिग्रीला बरोबर लावलं तर मधे २० ला घड्याळ दिवसाला दोनेक सेकंद पुढे जातं. यावर शार्ल गियोम या स्विस शास्त्रज्ञाने निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधले, घराणं घड्याळजींचंच, आणि १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. त्यातल्या एलिनव्हार नावाच्या मिश्रधातूची स्प्रिंग गरम होऊन मऊच पडत नाही, मग चिरेची गरजही संपली. म्हणून नंतरच्या घड्याळात चाक अखंड दिसतं.

अमेरिकेत १८९१ साली ओहायोत किप्टनला दोन गाड्यांची टक्कर झाली, त्यानंतर वेब बॉल या घड्याळवाल्याने रेल्वेच्या घड्याळांचे नियम बसवले. आठवड्यात ३० सेकंदांपेक्षा जास्त चूक नको, उभं-आडवं अशा पाच स्थितींमध्ये आणि साधारण १ ते ३८ डिग्रीत जुळवलेलं हवं. आपल्याकडे मागच्या झाकणावर इंजिन कोरलंय एवढ्यावर 'रेल्वेचं अँटिक' म्हणून दुप्पट पैसे मागतात, त्याला काही अर्थ नाही. आत यंत्रावर तापमान आणि स्थितींसाठी जुळवल्याचं कोरलंय का ते बघा. स्वस्त घड्याळांत नुसती दाखवायला चीर असते, आरपार नसतेच, भिंगातून लगेच कळतं. आणि १५ ज्वेल, १७ ज्वेल म्हणजे रत्नांची किंमत नाही हो, ती झीज कमी करणारी माणकं आहेत, विसाव्या शतकातल्या घड्याळांत तर बहुतेक कारखान्यात केलेली.

बंद घड्याळ घरात ठेवलं की घराची भरभराट थांबते, हे ऐकून आजोबांची घड्याळं भंगारात देणारी माणसं मी बघितलीत आणि मला फार वाईट वाटतं. पुष्कळदा आत फक्त तेल सुकलेलं असतं, घड्याळजी साफ करून तेल घालतो आणि ते परत चालतं. घरी मात्र शिवणयंत्राचं तेल घालू नका, ते पसरतं, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भलतंच पुढे पळतं. मोबाइल कव्हरच्या लोहचुंबकाशेजारी ठेवलं तरी तेच होतं. चावी रोज सकाळी एकाच वेळी द्या. वापरताना शरीराजवळच्या खिशात, साखळीचं टोक काजात अडकवून, तिथे तापमानही फारसं बदलत नाही, आणि रात्री खिळ्याला उभं टांगा, दिवसा असतं तसंच. चाकाला चिमटा कोणालाही लावू देऊ नका, माझ्या एका घड्याळाची मोकळी कड दुरुस्तीत 'सरळ' केली गेली आणि ते परत कधी जुळलं नाही.

जुन्या बाजारातलं ते घड्याळ मात्र साफ होऊन आलं. मी ते एक दिवस २४ डिग्रीच्या एसी खोलीत टांगलं, दुसऱ्या दिवशी ३६ डिग्रीच्या माळ्यावर. चाक साधं असतं तर १२ डिग्रीत दोन मिनिटांच्या वर फरक पडायला हवा होता. पडला ९ सेकंद. घड्याळजी म्हणतो स्क्रूची एक जोडी चिरेकडे एक भोक सरकवली की तोही कमी होईल, पण मी म्हटलं राहू द्या, ज्याने ते स्क्रू बसवले त्याचा हात आहे तो.